डबा ९ सेंटीमीटरचा पाहिजे होता

आमचा शेतातला आखाडा औशापासून सहाएक किलोमीटरवर, तिथं मोबाईलला रेंज म्हणजे बाभळीच्या बुडाशी उभं राहिलं तर एक कांडी. मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरची केबल चोरीला गेली तेव्हा ठरवलं की कॅमेरा बसवायचा आन घरच्या छतावरून वायफायच न्यायचं. केबलवाल्याकडं जुनी ४ फुटी जाळीची डिश पडून होती, भंगाराच्या भावात आणली. दादा म्हणाले, "आता घरोघर टाटा-डिश असताना हे कशाला आणलास? च्यानल दिसतेत का ह्याच्यावर?"

फोकस, म्हणजे डिशवर पडलेल्या लाटा जिथं गोळा होतात ती जागा, काढायचं सूत्र सोपंय, व्यासाचा वर्ग भागिले (१६ गुणिले खोली). कडेला दोरी ताणून मधोमध पट्टीनं मोजली तर खोली १८ सेंमी, म्हणजे फोकस ५० वर. नंतर कळलं की अशा दोन दोऱ्या आडव्या-उभ्या ताणायच्या असतात आन मधे त्या एकमेकींना नुसत्या टेकायला पाहिजेत, माझ्या दोन बोटं लांब होत्या, कारण पाकळ्यांचे नट ढिले. आवळल्यावर खोली २० आली आन फोकस ४५ वर. २.४ गिगाहर्ट्झला लाट साडेबारा सेंटीमीटरची असते, तिथं ५ सेंमीची चूक म्हणजे सगळा खेळ खलास.

मग सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर अँटेना चालवून बघणं. पहिल्यांदा हौसेनं अख्खी डिश तारांच्या जाळीसारखी ४नेक२ ह्या अँटेनाच्या सॉफ्टवेअरमधे टाकायला गेलो, लाटेच्या दहाव्या भागावर एक तार धरली तर पंधरा हजाराच्या वर तुकडे होतात आन नुसत्या मॅट्रिक्सलाच ४ जीबी लागते, लॅपटॉप रात्रभर हुप्प करून बसला आन पहाटे लाईट गेली (बॅटरी त्याची आधीच मेलेली). मग अक्कल आली की डिशचं गणित कागदावर होतंय, १.२ मीटरला ५५ टक्के कार्यक्षमता धरली तर २७ डीबीआय (डिश सिग्नल किती एकवटते त्याचं माप) आन बीम, म्हणजे सिग्नलचा झोत, साधारण ७ अंश. सिम्युलेशन करायचंय ते फीडचं, म्हणजे फोकसवरल्या पत्र्याच्या डब्याचं, ज्यातली तार वायफायचा सिग्नल सोडते. आपण डिशकडंच बघत बसतो, पण डिशवर उजेड पाडतो तो डबा.

तर दूध पावडरचा डबा घेतलेला, १० सेंमी व्यासाचा. ओपनईएमएस ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे टाकला तर पॅटर्न, म्हणजे सिग्नल पसरायचा आकार, एका बाजूला कललेला. मला वाटलं माझंच मेश (गणितासाठी पाडलेले बारके चौकोन) चुकलंय, तीनदा नव्यानं केलं, तीनदा तसंच. छतावर पण हेच, डिश सरळ धरली तर सिग्नल उणे ८०-८१ डीबीएम (शून्याकडं जितका जवळ तितका चांगला), जरा वाकडी केली की बरा, आन मी म्हणायचो स्टँडच वाकडाय. शेवटी कटऑफ, म्हणजे ज्याच्याखाली लाट डब्यातून जातच नाही ती फ्रिक्वेन्सी, काढून बघितला. १० सेंमीच्या डब्यात हवा असलेला टीई११ मोड (लाट डब्यातून जायची एक तऱ्हा) १.७६ गिगाहर्ट्झपासून चालतो, पण नको असलेला टीएम०१ पण २.३ लाच सुरू होतो, म्हणजे आपल्या २.४४ ला दोघं एकाच डब्यात! ९ सेंमीला तोच दुसरा २.५५ वर जातो, आपल्या वाटेतच येत नाही.

आता ९ चा डबा कुठून आणायचा? बाजारात हिंडलो, मसाल्याचे, तुपाचे, सगळे मोजून बघितले, दुकानदार वैतागले. आन आखाड्यावर ९० एमएमचा पीव्हीसी पाईप पडलेला, बाहेरून बरोबर ९० मिमी! पत्र्याचे डबे करणाऱ्या मामांकडं तो पाईप नेला, त्याच्यावर पत्रा गुंडाळून कथलाचा डाख दिला, पाईप ओढून काढला, झाला डबा. ह्या डब्यात आतली लाट २०.५ सेंमीची होते, म्हणून तार मागच्या झाकणापासून ५.१ सेंमीवर, उंची ३ च्या आसपास, कानसीनं थोडी थोडी घासत बसवली.

त्या संध्याकाळी डिश सरळ आखाड्याकडं धरली तर उणे ६९. हिशोबात ६६ यायला पाहिजे होतं, पण पाकळ्यांना पोचे आहेत, तेवढं चालतंय. पॉवर ९ डीबीएमवरच ठेवलीय, कारण २७ ची डिश धरून नियमातली ४ वॅटची हद्द तिथंच गाठते, डिशचा खरा फायदा पलीकडचा सिग्नल ऐकायला होतो. ५.८ गिगाहर्ट्झवर जायचा मोह होता, पण ५ मिलिमीटरचे पोचे २.४ ला एक डीबी खातेत तेच तिथं सहा खाल्ले असते.

दुसऱ्या दिवशी फोनवर विहीर दाखवली तर दादा बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "मोटार चालूच राहिली की!" आन गाडीची किल्ली घेऊन निघाले.