ईपरची रणभूमी: एका दिवसाची सहल, आणि सहलीत न येणारं नव्ह शापेल

ब्रूजला येणारी आपली बहुतेक मंडळी कालव्यातली बोट, चॉकलेटची दुकानं आणि घंटाघर एवढं करून ब्रसेल्सची गाडी पकडतात. ब्रूजहून मोटारीने तासाभरावर ईपर आहे. पहिल्या महायुद्धात चार वर्षं या गावाभोवती लढाई चालली आणि गाव अक्षरशः जमीनदोस्त झालं. आज चौकात दिसणारं भव्य क्लॉथ हॉल, म्हणजे जुन्या कापडबाजाराची इमारत, मध्ययुगीन वाटतं, पण ते युद्धानंतर दगडावर दगड रचून पुन्हा उभं केलेलं आहे. काम पूर्ण व्हायला १९६७ साल उजाडलं. इथल्या रणभूमीच्या मार्गदर्शकासह सहली निघतात. आम्ही त्यातली एक केली आणि दुसऱ्या दिवशी सीमेपलीकडे फ्रान्समध्ये, जिथे हिंदी सैनिकांचं स्मारक आहे त्या नव्ह शापेलला स्वतःच गेलो. ज्यांच्या मनात जायचं आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी मुक्कामाचं बोलू. ब्रूजहून दिवसभराच्या व्हॅन निघतात, माणशी शंभर युरोच्या आगेमागे खर्च येतो, जेवणाचा डबा बहुधा त्यातच असतो. सोय चांगली आहे, पण यातल्या बऱ्याचशा संध्याकाळी पाच-सहाला ब्रूजला परत आणून सोडतात आणि मेनिन गेट या स्मारक-कमानीत सैनिकांच्या स्मरणार्थ वाजणारा रात्री आठचा बिगुल हुकतो. तो हुकवून ईपरला जाण्यात अर्थ नाही. म्हणून ईपरलाच एक रात्र राहा आणि तिथूनच सहल घ्या. तिथल्या सहलींमध्ये उत्तरेचा भाग सकाळी आणि दक्षिणेचा दुपारी असा अर्धा-अर्धा दिवसही घेता येतो. रेल्वेने यायचं तर कोर्त्रेकला गाडी बदलावी लागते. ब्रूजहून दीड तास, ब्रसेल्सहून दोनेक तास धरा. तिकिटावर आणि फलाटावर ‘ईपर’ हेच नाव असतं. इंग्रजी-फ्रेंच पुस्तकांतलं ‘ईप्र’ शोधत बसू नका.

माझे सासरे, अण्णा, आमच्याबरोबर होते. त्यांची सगळी नोकरी खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलात झाली. खरं तर हा सगळा घाट त्यांच्यासाठीच घातला होता. वयामुळे चालणं बेताचं, म्हणून आठ जणांची छोटी व्हॅन निवडली. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मोठ्या बसच्या नादी लागू नका. बस गावाबाहेरच्या वाहनतळावर थांबते, व्हॅन स्मशानभूमीच्या फाटकापर्यंत जाते.

आता मार्गदर्शक कशाला हवा? नकाशा फोनवर आहे, माहितीच्या पाट्याही जागोजागी आहेत. पण मार्गदर्शक नसेल तर इथे तुम्हाला बीट, बटाटे आणि गाई दिसतील, बाकी काही नाही. आमच्या माणसाने पहिल्या अर्ध्या तासातच एका शेतरस्त्यावर व्हॅन थांबवली आणि विचारलं, “टेकडी दिसते का?” सगळे इकडेतिकडे बघायला लागले. राजगड-तोरणा चढलेल्या माणसाला जी जागा सपाट रस्ता वाटेल, ती म्हणे टेकडी! समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ मीटर. पण ईपरच्या तिन्ही बाजूंनी ही उंचवट्याची कड फिरते, ती जर्मनांच्या हातात होती आणि खाली बशीत इंग्रज, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन, हिंदी सैनिक बसलेले. मग त्याने प्लास्टिक चढवलेल्या जुन्या छायाचित्रांची जाड वही उघडली आणि १९१७ सालचं त्याच जागेचं छायाचित्र समोर धरलं. झाड नाही, घर नाही, रस्ता नाही, पाण्याने भरलेले खड्डे फक्त. इथली माती चिकण, पाणी मुरत नाही. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खोदलेल्या चरांमुळे ते वाहून जायचं. तोफांनी ते चर फोडले, वर ऑगस्टात पाऊस लागला. ३१ जुलै ते १० नोव्हेंबर १९१७ एवढ्या काळात, पासेंडालच्या लढाईत, इंग्रजांच्या बाजूने पुढे सरकलेलं अंतर आठेक किलोमीटर, आणि दोन्ही बाजूंचे मेलेले-जखमी मिळून पाच लाखांच्या आसपास. चिखलात माणसं बुडून मेली असं पुस्तकात वाचलं होतं. ते कसं झालं असेल हे त्या बांधावर उभं राहून कळलं.

त्याच रस्त्यावर विजेच्या खांबाच्या बुंध्याशी एक गंजका, हातभर लांबीचा तोफगोळा ठेवलेला होता. नांगराला लागला की शेतकरी असाच रस्त्याकडेला आणून ठेवतात आणि सैन्याचं बॉम्बपथक येऊन उचलून नेतं. दरवर्षी नांगरणीला हे ठरलेलं. काहींमध्ये अजून विषारी वायू असतो. शेतात सापडलेला तुकडा आठवण म्हणून खिशात घालायची हुक्की येते, विशेषतः मुलांना. हात लावू द्यायचा नाही, एवढंच.

सकाळच्या भागात एसेक्स फार्म, लांगेमार्क आणि टाइन कॉट ही तीन ठिकाणं जवळपास सगळ्याच सहलींत असतात. एसेक्स फार्मला जखमींवर उपचार करायचे ते काँक्रीटचे खोलगट कोनाडे आहेत. इथेच एका कॅनेडियन डॉक्टरने लिहिलेल्या कवितेमुळे लाल पॉपीचं फूल या युद्धाची खूण झालं. सगळी गर्दी एका थडग्यापाशी होते: पंधरा वर्षांचा इंग्रज मुलगा, वय खोटं सांगून भरती झालेला, जानेवारी १९१६ मध्ये मेला.

लांगेमार्कची स्मशानभूमी जर्मनांची. काळोख्या, ठेंगण्या दगडी दारातून आत जावं लागतं. ओकची झाडं, जमिनीला टेकलेले सपाट दगड, एकेका दगडाखाली कित्येक जण. चव्वेचाळीस हजारांवर माणसं इथे आहेत आणि त्यातले जवळपास पंचवीस हजार एकाच चौकोनी खड्ड्यात. इंग्रजांच्या बाजूला गुलाबाची झाडं आणि कातरलेली हिरवळ बघून आलेल्याला इथे गलबलून येतं. हरलेल्याला परक्या मुलखात जागासुद्धा मोजून मिळते, हे आमच्या मार्गदर्शकाने बोलून दाखवलं नाही, पण व्हॅन मुद्दाम आधी इथे आणि मग टाइन कॉटला नेली.

टाइन कॉट ही राष्ट्रकुलातली सर्वांत मोठी युद्ध-स्मशानभूमी. जवळपास बारा हजार थडगी, त्यातल्या आठ हजारांहून अधिक जणांची ओळखच पटलेली नाही, आणि मागच्या भिंतीवर बेपत्ता झालेल्या आणखी पस्तीस हजारांची नावं. मधला मोठा क्रूस जर्मनांच्या काँक्रीटच्या बंकरवरच चढवलेला आहे. इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज १९२२ साली आले होते तेव्हा त्यांनीच ते सुचवलं. आत जाताना वाटेवर एका तरुण मुलीच्या आवाजात नावं आणि वयं ऐकू येतात, एकामागून एक, चढउतार न करता. क्रूसाच्या पायऱ्या चढा आणि पाठ फिरवून ईपरकडे बघा. लांबवर क्लॉथ हॉलचा मनोरा दिसतो. वरून किती दिसत होतं, हे त्या एका नजरेत समजतं. इथे स्वच्छतागृह आहे, वापरून घ्या. पुढे बराच वेळ मिळत नाही.

दुपारचं जेवण हा शाकाहारी मंडळींचा कळीचा मुद्दा. डब्यात हॅम-चीज सँडविच येणार हे धरूनच चाला आणि आरक्षण करतानाच लेखी कळवा. बटाट्याचे फ्रीत म्हणजे तरी बिनधास्त खायचे, असं वाटतं ना? बेल्जियममध्ये ते परंपरेने गाईच्या चरबीत तळतात. बरीच दुकानं आता तेलही वापरतात, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. आम्ही थेपले आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती व्हॅनमधल्या दोन ऑस्ट्रेलियन आजींनीही चाखली.

दुपारी झोनेबेकचं पासेंडाल संग्रहालय आणि हिल ६०. संग्रहालयात जमिनीखालच्या लाकडी भुयारांची प्रतिकृती आहे, वाकून चालावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी बाहेर थांबलेलं बरं. विषारी वायूंचे वास कसे होते, हे नाकाने तपासायची सोयही आहे. हिल ६० ही तर रेल्वेमार्ग खोदताना निघालेल्या मातीचा ढीग. तिच्यासाठी खाली भुयारं खणून सुरुंग पेरले. ७ जून १९१७ च्या पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी या दक्षिणेकडच्या कडेखाली १९ सुरुंग उडवले गेले. एक न उडालेला सुरुंग १९५५ साली वीज पडून फुटला आणि गाय मेली. आज हिल ६० वर गवताने झाकलेले खड्डे आहेत, लाकडी वाट आहे, मेंढ्या चरतात; आणि आत गाडली गेलेली माणसं तशीच आहेत. वाट सोडून चालायचं नाही.

दिवसभरात अण्णांनी एकदाच प्रश्न विचारला: “आपली माणसं कुठे?” मार्गदर्शक प्रामाणिक होता. म्हणाला, नेहमीच्या वाटेवर नाहीत, पण विचारणाऱ्यासाठी मी वळसा घेतो. तर विचारा! आरक्षणाच्या वेळीच सांगितलंत तर हॉलेबेक वाटेत घेता येतं. तिथे ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी १२९ व्या बलुची पलटणीच्या खुदादाद खानने बरोबरचे सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगन चालू ठेवली आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळवणारा तो पहिला हिंदी सैनिक ठरला. तिकडे उत्तरेला, २२ एप्रिल १९१५ च्या वायुहल्ल्यानंतर चारच दिवसांनी हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनला उघड्या उतारावरून जर्मनांवर सोडलं. तोंडाला ओल्या फडक्यापलीकडे संरक्षण नव्हतं. मीर दस्तला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच लढाईत.

मेनिन गेटवर संध्याकाळी सव्वासातलाच पोहोचा. हे खरं तर कमानीचं दार, १९२७ साली उभं राहिलं, आतबाहेर चोपन्न हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांची नावं. त्यात चारशेहून अधिक हिंदी. आधी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव किंवा पलटण टाकून फलकाचा क्रमांक काढून ठेवा, नाहीतर मान दुखेपर्यंत शोधाल. शेजारच्या तटावर हिरवळीत चार सिंहांचा आपला स्तंभ आहे, तोही गर्दी व्हायच्या आत बघून घ्या. आठला वाहतूक थांबते आणि गावच्या अग्निशमन दलाचे बिगुलवाले लास्ट पोस्ट ही मानवंदनेची धून वाजवतात. १९२८ पासून हे रोज चालू आहे; दुसऱ्या महायुद्धात जर्मन इथे होते तेवढाच काय तो खंड. टाळ्या वाजवायच्या नसतात. त्या रात्रीच परतायचं असेल तर शेवटच्या जोडगाडीची वेळ आधी पाहून ठेवा. ११ नोव्हेंबरच्या आसपास मात्र गाव माणसांनी फुललेलं असतं, हॉटेलं महिनोन्‌महिने आधी भरतात. एप्रिल ते सप्टेंबर बरा. वाऱ्या-पावसाचं जाकीट तेव्हाही लागतंच.

आणि आता नव्ह शापेल. ईपरच्या बहुतेक सहलींत ते नसतं, कारण ते फ्रान्समध्ये, चाळीसेक किलोमीटरवर आहे. भाड्याची गाडी किंवा दिवसाची टॅक्सी हाच मार्ग. लिल शहरात उतरलेल्यांना आणखी जवळ पडतं. सीमेवर सहसा कोणी थांबवत नाही, तरी पासपोर्ट जवळ हवाच.

१० मार्च १९१५ ला सकाळी पस्तीस मिनिटं तोफा चालवून मेरठ डिव्हिजनने आणि इंग्रजांच्या आठव्या डिव्हिजनने हे गाव घेतलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला गढवालचा गब्बरसिंग नेगी इथेच पडला. पण अण्णांना ओढ होती ती त्याआधीच्या २८ ऑक्टोबर १९१४ ची. पायदळ कमी पडलं म्हणून त्या दिवशी खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ या दोन कंपन्यांना ४७ व्या शिखांबरोबर संगिनी लावून गावात घुसवलं. पूल बांधणारी, सुरुंग लावणारी माणसं घरोघर लढली. त्यांचे सगळे इंग्रज अधिकारी मेले किंवा जखमी झाले, जवानांपैकी तिसरा हिस्सा गेला.

स्मारक रस्त्यालगतच्या चौकात आहे. गोल आवार, अर्धी भिंत भरीव आणि अर्धी दगडी जाळीची, मधे पंधरा मीटर उंच स्तंभ, माथ्यावर कमळ, पायाशी दोन वाघ. हर्बर्ट बेकरने ते घडवलं, १९२७ मध्ये खुलं झालं. स्तंभाखाली इंग्रजीबरोबर अरबी, हिंदी आणि गुरुमुखी अक्षरं आहेत. भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं, पलटणीप्रमाणे आणि मग हुद्द्याप्रमाणे. अण्णांनी आपल्या सॅपर्सचा फलक शोधला, चष्मा पुसला आणि एकेक नाव ओठांतल्या ओठांत वाचत गेले. ‘अण्णा, बसता का थोडं?’ म्हटलं तर हातानेच थांब म्हणाले. वेळ राखून जा, एवढंच सांगेन. टॅक्सीवाल्याला तासभर थांबायचं आधीच सांगून ठेवा. नावं रोमन लिपीत, इंग्रजांच्या कानाला जशी पडली तशी लिहिलेली आहेत, त्यामुळे घरचं नाव शोधताना दोन-तीन वर्णलेखनं करून पाहा.

मात्र साताऱ्या-कोकणातल्या गावात पणजोबांच्या नावाचा दगड असेल म्हणून इथे याल, तर आधी पलटण तपासा. १०३, ११०, ११७ या मराठा पलटणी फ्रान्सला नव्हत्याच, त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूतच्या बाजूला होत्या. ज्यांचं थडगं नाही त्यांचं स्मारक बसराला आहे. १९१५ संपता संपता हिंदी पायदळही फ्रान्समधून तिकडेच गेलं. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, ते काही एकाच मुलखात नाही. सॅपर्स किंवा १०७ व्या पायोनियर्सपैकी कोणी असेल, तर मात्र नव्ह शापेलची भिंत तुमची.

स्मारकाला तिकीट नाही, पहारेकरी नाही, पाणी नाही, स्वच्छतागृहही नाही. समोरच रस्त्यापलीकडे पोर्तुगीजांची स्मशानभूमी आहे, तिथे पाच मिनिटं जाऊन या. गाडी तिच्या बाजूला लावा. स्मारकाच्या चौकात ट्रक वेगाने येतात.