गुडघ्याखालचं जंगल

चितळाच्या लेंड्या मोजायला मी ताडोबात शिकले. तिथे जास्त लेंड्या सापडल्या की सगळे खूश, वाघाची सोय झाली म्हणून. अंदमानात, चिडिया टापूच्या जंगलात, त्याच लेंड्या मोजताना माझी चिडचिड होते. इथे चितळ बाहेरून आणलेलं, आणि ते जंगलातली खालची झुडपं खाऊन टाकतं.

झुडपं किती दाट ते मोजायचं इथलं आमचं मुख्य हत्यार म्हणजे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी. एकाने ती दहा मीटरवर उभी धरायची, दुसऱ्याने उकिडवं बसून पानांआड किती पट्टे झाकले गेले ते लिहायचं. काम सोपं वाटतं, पण उभ्याने बघून आकडा टाकणारे महाभाग आहेत आणि त्यांचे तक्ते मला पुन्हा करावे लागतात. लिटल अंदमानात चितळ पोचलेलंच नाही. तिथे कधीकधी काठी धरणाराही दिसत नाही. त्या दिवशी टापूवर काठी बुडापासून टोकापर्यंत लख्ख दिसत होती. सोबतचा वनरक्षक कौतुकाने म्हणाला, "कितना साफ जंगल है, मॅडम!"

पक्ष्यांच्या तक्त्यात पक्षी किती उंचीवर दिसला, याचा रकाना असतो. वरचे रकाने भरले: कोतवाल, हळद्या, पोपट. खाली शामा, कस्तूर, फटाकडी दिसायला हव्यात. तिथे एक पाचू-कवडा, तोही उडून गेला. एका सकाळवरून निष्कर्ष काढत नाही मी. पण कॅनडातल्या हैदा ग्वाय बेटांवर, जिथे आणून सोडलेली हरणं पन्नासहून जास्त वर्षं चरत होती, तिथे गाणारे पक्षी ५५ ते ७० टक्क्यांनी कमी निघाले. झुडपांवर अवलंबून असलेल्यांची घट तर ९३ टक्के. अंदमानातही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चितळांमुळे झुडपं आणि त्यांतले सरडे घटलेले दिसले. झुडूप गेलं की घरट्याचा आडोसा जातो, पाचोळ्यातले किडेही जातात.

चितळं इथे ब्रिटिशांनी आणली, गेल्या शतकाच्या सुरुवातीला. वाघ-बिबट्या इथे नव्हतेच. चितळं पोहत पोहत एकेक बेट घेत गेली.

परतताना मुंडा पहाडच्या वाटेवर साताऱ्याचं एक कुटुंब भेटलं. सेल्युलर जेल, मग रॉस बेट, आता सूर्यास्त. रॉसवर चितळांना बिस्किटं दिल्याचे फोटो काकूंनी हौसेने दाखवले. मी न राहवून सगळं सांगितलं. काकू गप्प झाल्या, काका नाहीत.

"मग ताई, मारायची म्हणता?"

मारायला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो, हे सांगितलं. पकडून हलवताना चितळ कधीकधी धसक्यानेच मरतं, तेही सांगितलं. म्हटलं, निदान तुकड्यातुकड्याने कुंपण घालता येईल, आत झुडूप परत येतं.

"आणि कुंपणाबाहेर?"

एवढ्यात त्यांच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. सूर्यास्त चुकेल म्हणून सगळे घाईने निघाले. काका मात्र जाता जाता माझा नंबर घेऊन गेले, उत्तर कळवा म्हणाले.