नान्नजच्या माळावरची लांबलेली साठी

आमच्या अण्णाची साठी खरे तर भाद्रपदातच व्हायची होती, पण त्याच सुमारास त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि घरच्यांनी ठरवलेला हॉल, पंगत, सत्कार हे सगळेच बारगळले. बरा झाल्यावर त्याने आमच्याकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे शाळेतल्या मित्रांनी एकदा त्याच्याबरोबर सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ पायी चालावा. पोटापाण्यासाठी पांगलेले सोलापूरकर हमखास गावात सापडतात ते संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला, म्हणून आम्ही संक्रांत धरली. सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा पाहून झाल्यावर येणाऱ्या रविवारी, उजाडता उजाडता, बार्शी रस्त्याने निघालो.

मार्डीत यमाईचे दर्शन घेतले, गाडी तिथेच ठेवली आणि गाडीवाटेने चालू लागलो. काळ्या रानात शाळू निसवून उभा होता आणि मधूनमधून द्राक्षांचे मांडव लागत होते. सोनाका ही द्राक्षाची जात याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी शोधून काढली. जेमतेम पावसाच्या या मुलखात एका शेतकऱ्याने बागेतल्या वेलींचे बारकाईने निरीक्षण करून हे साधले, याचा अण्णाला, जो स्वतः बागायतदाराचा मुलगा आहे, विलक्षण अभिमान वाटतो. प्रत्येक मांडवापाशी तो थांबत होता आणि घडांची फुगवण पाहून पुढे येत होता.

हळूहळू जमिनीची काळी पाठ उतरत गेली, मुरूम वर आला आणि माळ सुरू झाला. जानेवारीतले गवत वाळून सोनेरी झालेले असते, त्यात अधूनमधून बोरीची झुडपे आणि एखादी बाभूळ. आमच्यातला मास्तर वाटेतच खाली बसला आणि पायजम्यात अडकलेले एक कुसळ काढून त्याने तळहातावर ठेवले. त्याची शेपटी पीळ पडलेली असते. बाटलीतले थेंबभर पाणी त्यावर सोडताच तो पीळ हळूहळू उलगडू लागला आणि कुसळ हातावरच फिरले. पावसाळ्यात ओल मिळाली की ही शेपटी अशीच फिरते आणि वाळली की पुन्हा पीळ घेते. या फिरण्यामुळे टोकाचे बी मातीत रुतत जाते. सगळे साठीचे गडी त्या तळहाताभोवती डोकी घालून उभे होते आणि वर्गात बसल्याप्रमाणे कोणी बोलत नव्हते.

कागदोपत्री अशा जमिनीला पडीक म्हणतात, आणि मला ते फार लागते. माळ हे उजाड झालेले जंगल नव्हे. गवत हेच इथले पूर्णत्व आहे. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक हे सगळे मोकळ्या नजरेच्या प्रदेशावर वाढलेले जीव आहेत, आणि सद्भावनेने लावलेली दाट झाडेसुद्धा त्यांना इथून हुसकावतात. आम्ही चालत असताना काळविटांचा एक कळप डावीकडच्या उतारावर चरत होता. नराने मान वर करून आमच्याकडे पाहिले, दोन-चार माद्यांनी जागच्या जागी उंच उड्या घेतल्या आणि सगळा कळप गवतात उतरला. वर एक भोवत्या जमिनीलगत तरंगत टोळ शोधत होता. हा पक्षी मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरता इथे येतो आणि रात्री याच गवतात जमिनीवर मुक्काम करतो.

माळढोक पक्षी मात्र दिसला नाही, आणि दिसेल अशी अपेक्षाही आम्ही ठेवली नव्हती. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले, पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, आणि पक्षी तर त्याहून झपाट्याने कमी झाले. मादी विणीच्या हंगामात बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. शिवाय या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारा त्याचा जीव घेतात. आता उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत. अण्णाने लहानपणी वडिलांच्या बैलगाडीतून माळावर नर पाहिला होता. त्याने ती जागा आम्हाला दाखवली आणि तिथे तो बराच वेळ उभा राहिला. ‘का बे, दमलास का?’ असे कोणीतरी हलकेच विचारले. त्याने मान हलवली आणि चालू लागला.

दुपारी त्याच्या चुलतभावाच्या वस्तीवर हुरडा होता. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा, हे काम वहिनी इतक्या सफाईने करत होत्या की आमच्या पुढ्यातला हिरवा ढीग संपतच नव्हता. बरोबर शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. पथ्यामुळे अण्णाच्या वाट्याला चटणी बेताचीच आली, पण हुरड्यावर त्याने कसलीही कसर ठेवली नाही. साठीचे कळल्यावर वहिनींनी त्याला पाटावर बसवले, निरांजन लावले आणि ओवाळले. ‘भाऊजी, राहिलेलं औक्षण आज झालं बघा,’ त्या म्हणाल्या, आणि इतक्या दुखण्यात कधी न रडलेल्या अण्णाचे डोळे तिथे भरून आले.

संध्याकाळी मार्डीकडे परत येताना मास्तरने आपल्या साठीचा विषय काढला. ती जुलैत आहे, म्हणजे माळ हिरवा होण्याच्या आणि माळढोकाच्या विणीच्या दिवसांत. ती लांबवायची नाही, तारखेलाच करायची आणि वनविभागाच्या परवानगीने याच माळावर यायचे, असे गाडीपाशी पोहोचेपर्यंत ठरले.