बाबांच्या धोतरावरचा पाऊस

10 ऑक्टोबर, रात्री साडेआठ

हस्त आज निघतोय. म्हणजे वाकळीवरची शेवटची ओळ आज. 8 जूनला मृगात पहिली घातली, आजची 125वी. सुई ओवून ठेवली आहे, पण रंग ठरत नाही. दिवसभर चटचट ऊन होतं आणि आता आर्णीच्या बाजूला वीज चमकतेय. सोयाबीनची गंजी ह्यांनी ताडपत्रीनं झाकली. तोवर लिहून घेते.

माहेरी बाबा गोठ्याच्या दारावर कोळशानं रेघा ओढायचे. पाऊस आला त्या दिवशी एक रेघ. भुरभुर आली तर बोटभर, झोडपून गेला तर दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दिवाळीला आई दार पुसायची आणि बाबा दरवर्षी तिच्यावर चिडायचे. ते गेले, भावानं गोठा पाडून टिनाचं शेड टाकलं, दार कुठं गेलं कोणाला आठवत नाही. माझ्या वाट्याला त्यांची दोन धोतरं आली. यंदा मृगाच्या आदल्या दिवशी ती पेटीतून काढली, वर-खाली धोतर, मधात आईची लुगडी, आणि ओसरीत पसरून कच्चे टाके घातले.

रोज एक ओळ, साधा धावदोरा. उघाड असेल तर मातकट दोरा, भुरभुर आली तर आकाशी, चांगला पडला तर गडद निळा. उसवायचं नाही. कॅलेंडरात बघून प्रत्येक नक्षत्राचं वाहन कडेला काढायचं असंही ठरवलं होतं, पण पहिलाच बेडूक बटाट्यासारखा झाला. तो नाद तिथंच सोडला. तसंही ज्या नक्षत्राला भरपूर पावसाचा हत्ती होता, त्यात सगळेच दिवस मातकट गेले!

आत्यांना (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) हे शिवणं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. वाकळ कडेनं सुरू होते आणि फिरत फिरत मधात येते, ही त्यांची रीत. "काहून वं, हे काय वाकळ शिवनं हाय? पाटीवरल्या रेघोट्यावानी दिसते तं." दाराचं त्यांना सांगितलं. "मंग दारच पांघरून झोप," म्हणाल्या.

आज सगळी वाकळ पहिल्यांदा पूर्ण उलगडली. जूनचे सुरुवातीचे बारा दिवस नुसती माती. मग दोन निळ्या ओळी, त्यांच्या भरवशावर आम्ही सरकी टोबली, आणि पुन्हा अकरा मातकट. जिथं उगवलं नाही तिथं दुसऱ्यांदा टोबली. जुलैत एकदा झड लागली ती आठ दिवस हललीच नाही. त्या आठ ओळी बघते तर टाके तांदळाच्या कणीएवढे, एकसारखे. वावरात पाय टाकता येत नव्हता, हाताला दुसरं काम नव्हतं. निंदणाच्या दिवसांतले टाके मात्र गव्हाएवढे, आणि पोळ्याच्या आदल्या रात्रीचे तर विचारूच नका. बैलांचे खांदे शेकून, त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देऊन झाल्यावर झोपेत घातलेली ओळ आहे ती, नदीसारखी वाकडी. मी पाऊस मांडायला बसले होते. हे टाक्यांचं काही ठरवलेलं नव्हतं.

ऑगस्टमधली एक ओळ दुहेरी दोऱ्याची आहे. त्या रात्री आमच्या शिवारात असा कोसळला की धुरा फुटला आणि दीड एकर पऱ्हाटी पाण्याखाली गेली. पण अतिवृष्टी धरायची तर महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात 65 मिलिमीटर भरावे लागतात, आणि तो मापक आमच्या वावरापासून कितीतरी कोस दूर. तिकडं भरले नाहीत. म्हणजे कागदावर तो पाऊस आमच्याकडं पडलाच नाही. मी चिडून दोरा दुहेरी घेतला. त्यानं भरपाई मिळत नाही हे मलाही कळतं.

आणि एक ओळ हिरवी आहे. सप्टेंबरात मला तापानं दवाखान्यात ठेवलं होतं, दोन रात्री. पहिल्या रात्रीची ओळ पोरानं घातली, त्यानं कबूलही केलं. अंगुस्तान सापडलं नाही म्हणून बोटं टोचून घेतली. दुसरी कोणी घातली ते कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. हिरवा रंग माझ्या नियमात नाही. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असला की संध्याकाळच्या उजेडात हिरवं आणि निळं रीळ सारखंच दिसत असणार.

मघाशी आत्या येऊन वाकळीशी बसल्या. हात फिरवत फिरवत खालपर्यंत गेल्या. झडीच्या ओळींवर थांबल्या, "हे बरं हाय" म्हणाल्या. पोळ्याच्या ओळीवर "अरे देवा." मग हिरवीवर बोट ठेवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, परत आणलं.

"येवढ्यातून ही एकच सरळ हाय," म्हणाल्या, आणि उठून झोपायला गेल्या.

पत्र्यावर थेंब वाजतायत. आकाशी घेते.