तिसऱ्या पायरीवरचा फुटबॉल: स्वित्झर्लंडमधला एक मोसम

सेंट गॅलनमध्ये फुटबॉल बघायचाय असं कुणालाही सांगा, तो तुम्हाला शहराच्या पश्चिमेला धाडतो. तिकडे एफसी सेंट गॅलनचं मोठं स्टेडियम आहे. क्लब 1879 चा, देशातला सर्वांत जुना, आणि मॅचच्या दिवशी बसमध्ये हिरव्या-पांढऱ्या मफलरींशिवाय काही दिसत नाही. मी 2024-25 च्या मोसमात बहुतेक शनिवारी उलट्या दिशेची बस धरली. पूर्वेला, क्रोनटाल भागात, एससी ब्र्यूल हा क्लब खेळतो. तिसऱ्या पायरीवर.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असली की निम्मं शहर कामधंदा सोडून कट्ट्यावर येतं, हे बघत वाढलेलं माणूस टीव्हीवरच्या चकचकीत फुटबॉलवर फार दिवस खूश राहत नाही. मला खेळाडूच्या शिव्या ऐकू यायला हव्या असतात. सुपर लीगच्या तिकिटाचे पैसे आणि तिथला कडेकोट बंदोबस्त एकदा अनुभवल्यावर मी खालच्या लीगकडे वळले, ती वळलेच.

आधी इथली उतरंड सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सर्वांत वर सुपर लीग, बारा संघ. खाली चॅलेंज लीग, दहा संघ. इथवर सगळे व्यावसायिक. त्याखाली प्रोमोशन लीग, अठरा संघ. इथे कुणी पूर्णवेळ खेळाडू, कुणी अर्धा दिवस बँकेत आणि संध्याकाळी सरावाला. त्याच्याखाली जी आहे तिचं नाव 'पहिली लीग', आणि ती असते चौथ्या पायरीवर! नवख्या माणसाची दिशाभूल करायची तर याहून चांगली सोय नाही. मग दुसरी आंतरप्रादेशिक, आणि त्याखाली तेरा प्रादेशिक संघटनांच्या दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी अशा लीग. पाचव्या लीगमध्ये पोट सुटलेले बाप्ये रविवारी सकाळी खेळतात आणि तरीही त्यांची गुणतालिका दर आठवड्याला चोख प्रसिद्ध होते.

ब्र्यूलच्या मैदानावर शिरताना एका घडीच्या टेबलामागे एक बाई बसलेल्या असत. पत्र्याची पैशांची पेटी, शिक्का, आणि पावसाळी दिवस असला तर पेटीवर प्लास्टिकची पिशवी. मनगटावर शिक्का मारून झाला की त्या "मजा कर" म्हणत, अगदी पहिल्या भेटीपासून एकेरीत. फुटबॉलच्या मैदानावर इथले लोक अहो-जाहो गेटबाहेर ठेवतात. बँकेतला साहेब असो की गवंडी, सगळे एकेरी. शेजारी शेगडीवर ब्राटवुर्स्ट भाजत असतात. सेंट गॅलनचा हा सॉसेज पांढरा, वासराच्या मांसाचा, आणि तो मोहरीशिवाय खायचा हा इथला अलिखित कायदा आहे. सोबत बुर्ली नावाचा कडक कवचाचा पाव. तो दातांनी तोडताना इतका आवाज होतो की शेजारचा काय म्हणतोय ते ऐकू येत नाही. झुरिकहून आलेला एक पाहुणा समर्थक मोहरी मागत होता, तेव्हा शेगडीवरच्या काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा कोरडाच पाव चावत निघून गेला.

मॅचआधी लाउडस्पीकरवरून संघांची नावं येतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आजचा बॉल कुणी दिला ते. इथल्या खालच्या लीगमध्ये मॅचचा बॉल कुणीतरी दान देतो. कोपऱ्यावरचा सुतार, दाताचा डॉक्टर, कधी कुणाची पन्नाशी झाली म्हणून मित्रमंडळी. नाव वाचलं की टाळ्या पडतात आणि तो माणूस मान खाली घालून बिअर पितो. आपल्याकडे देणगीदाराचं नाव फरशीवर कोरतात. हे जास्त बरं वाटलं मला, मोसम संपला की विषय संपला.

त्या टेबलाच्या बाईंना मी एकदा विचारलं, "वर जावंसं वाटतं का क्लबला?" ब्र्यूल 2011-12 मध्ये एक मोसम दुसऱ्या पायरीवर जाऊन आला आहे, लगेच परत खाली. त्या हसल्या. "वर गेलो तर शेगडीवर माणसं कुठून आणायची?" हे उत्तर मला तेव्हा चेष्टेचं वाटलं. पुढे वर्षभर ठिकठिकाणी तेच वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं, तेव्हा त्यातला हिशेब कळला. वर चढायचं म्हणजे परवाना, ठरावीक क्षमतेच्या खुर्च्या, दिवे, सुरक्षारक्षक, पगार. शनिवारी दुपारी दोन तास फुकट काम करणाऱ्या माणसांवर चालणाऱ्या क्लबला ही चढण परवडत नाही, आणि पुष्कळांना ती नकोच असते.

या मैदानाचं नाव पाउल ग्रुनिंगर स्टेडियम. नावामागची गोष्ट ठाऊक नसेल तर इथे मॅच बघणं अर्धवट आहे. ब्र्यूल स्विस चॅम्पियन झाला तो एकदाच, 1915 साली. त्या संघात ग्रुनिंगर खेळत होते. पेशाने शिक्षक, पुढे पोलिसात गेले आणि सेंट गॅलन कँटनच्या, म्हणजे इथल्या राज्याच्या, पोलिसांचे प्रमुख झाले. 1938 मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला, ज्यू कुटुंबं ऱ्हाईन नदी ओलांडून इकडे येऊ लागली, आणि ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडने सीमा बंद केली. ग्रुनिंगर यांनी कागदांवरच्या तारखा मागे टाकल्या, म्हणजे ही माणसं बंदीच्या आधीच आली होती असं दिसावं. शेकडो जीव त्या खोट्या तारखांनी वाचले. 1939 मध्ये त्यांना नोकरीवरून काढलं, पुढच्या वर्षी कोर्टाने दोषी ठरवलं. निवृत्तिवेतन गेलं. उरलेलं आयुष्य मिळेल ते काम करत, हलाखीत काढून 1972 मध्ये ते वारले. कोर्टाने शिक्षा रद्द केली 1995 साली, आणि मैदानाला नाव मिळालं 2006 मध्ये. ज्या क्लबसाठी खेळले त्यांच्या मैदानाला. शहरात याहून मोठे रस्ते आणि चौक असतील, पण मला हीच जागा पटते. दर पंधरवड्याला कुणीतरी पोरगं बापाला विचारतंच, हा ग्रुनिंगर कुठल्या जागी खेळायचा?

सप्टेंबर-ऑक्टोबरात मी बाहेरगावच्या मॅचना जायला लागले. अर्ध्या तिकिटाचं वार्षिक कार्ड खिशात असलं की हा देश एकदम आवाक्यात येतो.

बर्नमध्ये ब्राइटेनराइनचं मैदान बघाच. श्पिटालाकर त्याचं नाव, पण सगळे श्पिट्झ म्हणतात. चहूबाजूंनी चार-पाच मजली राहत्या इमारती, मधोमध मैदान. क्लब तिसऱ्या पायरीवरचा आणि खेळ झकास, पण व्यावसायिक लीगचे नियम या गल्लीत बसणारच नाहीत. दिव्यांचे खांब आणि पोलीस बंदोबस्त आणला तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी काय म्हणतील? आम्ही गेलो त्या दुपारी एक बाई बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता अर्धा हाफ बघून गेल्या.

बाल्झर्सला मात्र सीमा ओलांडावी लागते. लिश्टेनस्टाइन या चिमुकल्या देशात सात क्लब आहेत आणि स्वतःची लीग नाही. सगळे स्वित्झर्लंडच्या उतरंडीत खेळतात. सारगान्सहून हिरव्या-पिवळ्या बसने दहा-पंधरा मिनिटांत पोचलो. सीमा कधी ओलांडली ते कळलंही नाही. वर टेकडीवर गुटेनबर्गचा किल्ला, खाली गावचा संघ, बाजूला गाईंच्या घंटा. देशाचा कप मात्र त्यांचा वेगळा, आणि तो जिंकणाऱ्याला युरोपातल्या स्पर्धेचं दार उघडतं. म्हणून राजधानी वादुझचा क्लब स्विस दुसऱ्या पायरीवर असूनही 2022 मध्ये कॉन्फरन्स लीगच्या गटसाखळीत खेळला. हा आडमार्ग आपल्या राजकारण्यांना कुणी दाखवू नका.

वालिस कँटनमधलं ग्स्पॉन हे खरं तर लीगच्या बाहेरचं, डोंगरी गावांच्या स्पर्धेतलं मैदान, पण रोपवेने जायचं म्हणून वाट वाकडी केली. सुमारे दोन हजार मीटरवर, युरोपातलं सर्वांत उंच. गावाला गाडीरस्ता नाही. कृत्रिम गवत, भोवती उंच जाळ्या, आणि जाळीवरून गेलेला बॉल दरीला अर्पण. बायर्न म्युनिकचे आणि पुढे स्विस राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्ड यांचं नाव या मैदानाला दिलंय. फोटो छान येतात. फुटबॉल यथातथाच.

नोव्हेंबरात सगळं बंद. गावोगावच्या मैदानांना कुलपं लागतात आणि प्रादेशिक लीग मार्चअखेरपर्यंत उघडत नाहीत. वरच्या लीगनाही सुट्टी असते, पण थोडी कमी. हिवाळ्यात क्लबच्या खोलीत पत्ते, फाँड्यू (वितळवलेलं चीज, पाव बुडवून खायचं) आणि पैशांची चर्चा. तिथेच मला रेफ्रींचं गणित कळलं: क्लबचे जितके संघ, त्या प्रमाणात त्याने संघटनेला रेफ्री पुरवायचे, नाहीतर दंड. त्यामुळे जानेवारीत बिअर पाजून कुणातरी तरुणाला शिट्टी हातात घ्यायला राजी करणं हा अध्यक्षांचा मुख्य उद्योग असतो. खालच्या लीगमध्ये हा रेफ्री एकटाच, लाइनमनशिवाय, ऑफसाइड अंदाजपंचे.

आणखी एक नियम मला फार आवडला. प्रादेशिक लीगच्या तालिकेत गुणांशेजारी कंसात आणखी एक आकडा असतो. तो मोसमभरात कमावलेल्या पिवळ्या-लाल कार्डांचा दंड. दोन संघांचे गुण सारखे झाले तर गोलफरक नंतर. आधी ज्याचा दंड कमी तो वर. एका गावच्या कोचला मी टचलाइनवरून ओरडताना ऐकलं, "गप्प बस, तुझं तोंड आपल्याला खाली नेईल!" अक्षरशः खरं होतं ते. हा नियम कोल्हापुरात लावला तर तालिका उलटी टांगावी लागेल, असं मी भावाला फोनवर म्हटलं. तो म्हणाला, आधी रेफ्रीला घरी सुखरूप पोचव.

प्रोमोशन लीगमधली एक गोष्ट मात्र खटकते. बासेल, झुरिक, लुत्सर्न अशा मोठ्या क्लबांचे 21 वर्षांखालचे संघ याच लीगमध्ये खेळतात. त्यांना वर बढती मिळू शकत नाही, त्यांच्यामागे समर्थक येत नाहीत, आणि वरच्या संघातल्या चार जणांना सरावाची गरज पडली की ते अचानक या संघात अवतरतात. त्या दिवशी समोर कोण आलं यावर यजमानांचं नशीब. मैदानावर पाव विकणाऱ्यांचा वैताग समजण्यासारखा आहे.

आणि मग वसंतात बील.

बील हे भाषेच्या सीमेवरचं शहर. स्टेशनच्या पाटीवर बील आणि बिएन दोन्ही, मैदानावर घोषणा जर्मनमध्ये आणि लगेच फ्रेंचमध्ये. क्लब 1947 चा चॅम्पियन. 2016 मध्ये त्याचं दिवाळं निघालं आणि त्याला सहाव्या पायरीवरून, प्रादेशिक दुसऱ्या लीगमधून, पुन्हा सुरुवात करावी लागली. त्यांचं नवंकोरं स्टेडियम, टिसो अरेना, तर 2015 मध्येच उघडलेलं. आइस हॉकी आणि फुटबॉल एकाच इमारतीत. तिथे हे लोक गावच्या संघांशी खेळत होते.

2024-25 मध्ये तोच क्लब तिसऱ्या पायरीवर होता आणि स्विस कपमध्ये, म्हणजे वरच्या-खालच्या सगळ्या लीगच्या संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, एकेकाला घरी पाठवत सुटला. या कपमध्ये खालच्या संघाला घरचं मैदान मिळतं, ही मेहेरबानी त्यांनी पुरेपूर वसूल केली. उपांत्यपूर्व फेरीत सुपर लीगमधला लुगानो. एप्रिलअखेर उपांत्य फेरीत यंग बॉइज, म्हणजे आदल्या वर्षीचे चॅम्पियन, 1-0. त्या रात्री सेंट गॅलनला आमच्या क्लबच्या खोलीत, अडीच तासांवरच्या शहरासाठी, माणसं खुर्चीवर उभी राहिली होती. तिसऱ्या पायरीवरचा क्लब अंतिम सामन्यात जाणं याआधी झालंच नव्हतं, आणि कप तर 1925 पासून चालू आहे.

1 जून 2025, अंतिम सामना, बर्नचं वांकडॉर्फ स्टेडियम. ट्रॅममध्येच दोन भाषांतली गाणी. समोर बासेल, लीग आधीच जिंकून आलेला, मधल्या फळीत स्विस फुटबॉलचा तारा शाकिरी. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, मांडीवर सॅंडविचचा डबा, आणि प्रत्येक वेळी बीलने बॉल अर्ध्या रेषेपलीकडे नेला की ते डब्यावर बोटांनी ताल धरायचे. मॅच बासेलने 4-1 जिंकली. बीलचा गोल झाला तेव्हा डबा खाली पडला, सॅंडविच पायऱ्यांवर, आणि ते उचलायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. निकाल योग्यच होता. बासेल सगळ्याच बाबतीत सरस होतं.

गंमत म्हणजे प्रोमोशन लीगमधून बढती मिळाली ती रापर्सविल-योना या क्लबला, बीलला नाही. कपचा अंतिम सामना खेळून ऑगस्टमध्ये पुन्हा तिसऱ्या पायरीवर, पुन्हा श्पिट्झच्या बाल्कन्यांखाली.

कुणी उन्हाळ्यात इकडे येणार असेल तर ऑगस्टच्या मध्यावर कपची पहिली फेरी असते ती चुकवू नका. सुपर लीगचे संघ बसमधून एखाद्या खेड्यात उतरतात, शाळेच्या कपडे बदलायच्या खोलीत तयार होतात आणि दोरीपलीकडे उभ्या गावकऱ्यांसमोर खेळतात. वेळापत्रक फुटबॉल संघटनेच्या संकेतस्थळावर असतं. खालच्या लीगची मॅच बहुधा फुकट किंवा पाच-दहा फ्रँकांत, प्रोमोशन लीगची थोडी जास्त. रोख पैसे ठेवा, छत्री ठेवा, आणि सेंट गॅलनला गेलात तर मोहरी मागू नका.