आमची वाटचाल : चराईतल्या एका टेबलापासून

माझ्या बाळंतपणात मालिश करायला कळव्याहून एक मावशी यायच्या. सकाळी साडेनऊला दारात चपला काढायच्या, तिळाचं तेल कोमट करायला ठेवायच्या आणि बाळाच्या आधी मला घ्यायच्या. मी फिजिओथेरपीची पदवी घेऊन सहा वर्षं रुग्णालयात काम केलं होतं. कुठला स्नायू कुठून निघतो, कुठे जोडला जातो, सगळं पाठ होतं. तरी मावशींचा हात पाठीवर पडला की वाटायचं, हे आपल्याला येत नाही. अंगठा त्या फक्त जागा शोधायला वापरायच्या. जागा सापडली की कोपरापुढचा हात टेकवायचा, त्यावर स्वतःचं वजन हळूहळू सोडायचं आणि थांबायचं. "दुखतंय का?" असं त्या कधी विचारत नसत. माझा श्वास अडकला की त्यांचा हात आपोआप हलका व्हायचा.

रुग्णालयात एका पेशंटला माझ्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं यायची आणि त्यातली आठ मशीन लावण्यात जायची. रजा संपत आली तेव्हा मी घरी सांगितलं, परत जायचं नाही. धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या लोकांसाठी काम करायचं, तेही हाताने.

जागा मिळेना. भाड्याचं बोलणं ठरत आलं की मालक विचारायचे, "मसाज म्हणजे नक्की कसलं?" आणि पुढचा फोन यायचा नाही. अकरा ठिकाणी हेच झालं. एका सोसायटीच्या बैठकीत तर मला दाराबाहेर उभं करून आत चर्चा झाली. ते फार लागलं. जवळच्यांनी सुचवलं, पाटीवर 'रिकव्हरी सेंटर' लिही, शब्दच टाळ. मी टाळला नाही. तान्ह्या बाळापासून पैलवानापर्यंत सगळ्यांच्या अंगाला जो हात लागतो त्याला आपल्याकडे मालिश म्हणतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. शेवटी ठाण्यात चराईत तळमजल्यावर 180 चौरस फुटांची खोली मिळाली. पाटी लागली : 'क्रीडा मालिश व फिजिओथेरपी'. आत एक लाकडी टेबल आणि बारा चादरी. पहिल्या महिन्यात चौदा माणसं आली. त्यातली पाच नात्यातली.

खरी सुरुवात येऊरच्या डोंगरामुळे झाली. उपवनवरून पहाटे येऊरला धावत जाणारे गट ठाण्यात पुष्कळ आहेत. त्यातल्या एक बाई आल्या, मांड्यांनी जिना उतरवत नाही म्हणून. चढताना काहीच झालं नव्हतं आणि दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं, याचं त्यांना नवल वाटत होतं. येऊरचा चढ दमसास बघतो, मांड्यांचा कस लागतो तो उतारावर. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन पेलत असतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होतात. दुखणं बारा ते चोवीस तासांनी डोकं वर काढतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं आणि मग उतरतं.

यालाच आपण 'अंग आंबलं' म्हणतो. शब्द किती नेमका आहे! पण त्याच शब्दाने घोळही होतो. जिममध्ये लॅक्टिक अॅसिडचं नाव कानावर पडलेलं असतं. मग आंबलं म्हणजे आत आम्ल साचलं असं गणित बसतं आणि लोक सांगतात, "ताई, ते अॅसिड काढून टाका." ते काढायला लागत नाही. धावताना वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे लोक ज्याला लॅक्टिक अॅसिड म्हणतात ते, साधारण तासाभरात शरीर स्वतःच पूर्ववत करतं. आमच्याकडे येईपर्यंत ते गेलेलंच असतं.

मग मालिश करते काय? दुखणं कमी जाणवतं. आखडलेला स्नायू सैल पडतो, सांधा थोडा मोकळा फिरतो, रात्री झोप चांगली लागते. यातलं बरंचसं मज्जासंस्थेमार्फत होतं. सावकाश, खोल स्पर्शाने वेदनेचा आवाज खाली येतो. जो माणूस आठवड्यातून चार दिवस पळतो त्याच्यासाठी हे मोठं आहे, कारण तो पुढच्या सरावाला हलक्या अंगाने जातो. मात्र मालिश केल्याने वेग वाढतो किंवा ताकद येते, असं मी कुणाला सांगितलेलं नाही. त्याला सराव, जेवण आणि झोप लागते.

दाबाबद्दल थोडं. जितकं जास्त दुखेल तितका गुण, असं मानून येणारे पुष्कळ असतात. आम्ही विचारतो, गोड दुखतंय की कडू? गोड दुखण्यात माणूस श्वास सोडतो. कडू दुखण्यात तो टेबलाची कड धरतो, स्नायू उलट आवळतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून चूक झाली. एकोणीस वर्षांचा कबड्डीचा मुलगा आला. पकडीत समोरच्याचा गुडघा मांडीवर बसलेला, जेमतेम दुसरा दिवस. मांडी सुजलेली, हाताला गरम लागत होती. "ताई, परवा सामना आहे, मोकळी करून द्या." मला तेव्हाच थांबायला हवं होतं. त्याच्या डोळ्यांतली घाई बघून मी हात घातला. दुसऱ्या दिवशी त्याचा गुडघा काटकोनातही वळेना. मुक्या माराने स्नायूत आतल्या आत रक्त साकळलेलं असतं. ते मळलं की रक्तस्राव पुन्हा सुरू होतो आणि कधी कधी त्या जागी पुढे चक्क हाड धरू लागतं. त्याचं तिथवर गेलं नाही, डॉक्टरांनी वेळेत सावरलं. पण त्याचा पूर्ण मोसम गेला. मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईची माफी मागितली.

त्या दिवसापासून टेबलावर घेण्याआधी पाच मिनिटं फक्त विचारपूस आणि तपासणी. ताजी दुखापत, सूज, ताप, त्वचेचा संसर्ग यांपैकी काहीही असलं तर त्या दिवशी मालिश नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोलणं.

या पाच मिनिटांनी एकदा मोठं संकट टळलं. घोडबंदर रोडवरून एक सायकलस्वार आले. परदेशातून लांबचा विमानप्रवास करून आलेले. "शिरेवर शीर चढलीय, पोटरी दाबून द्या." उजवी पोटरी डावीपेक्षा फुगीर आणि कोमट. टेप लावली तर तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक. मी हात लावला नाही, त्यांना तडक डॉपलर तपासणीला, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीला पाठवलं. खोल शिरेत रक्ताची गाठ निघाली. अशी गाठ मालिशने सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. त्या दिवशी त्यांच्याकडून एक रुपया घेतला नाही, पण पुढच्या दोन महिन्यांत त्यांचा सगळा सायकल गट आमच्याकडे आला. ज्यांना आम्ही परत पाठवलं त्यांनीच आम्हाला सगळ्यात जास्त माणसं दिली.

पोलीस भरतीची मुलं-मुली येतात ती वेगळीच कळकळ घेऊन. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. झिजलेल्या बुटांत, डांबरी रस्त्यावर, महिन्याभरात सराव दुप्पट केलेला असतो आणि नडगी दुखायला लागते. नडगीच्या आतल्या कडेने लांब पट्टा दुखत असेल तर सराव कमी करून, पोटरी सैल करून बरं वाटतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशी हाडावरची जागा दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. ती सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसतेच असं नाही. अशा मुलीला "सहा आठवडे पळू नकोस" सांगताना माझाही घसा दाटतो, कारण तिची वयोमर्यादा जवळ आलेली असते. गुरुवारी दुपारी भरतीच्या मुलांकडून आम्ही पन्नास रुपये घेतो. हा नियम कधी बदलला नाही.

वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारनंतरचा. मुंबई मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर आणि शेवटाकडे येणारा पेडर रोडचा चढ अंगात मुरवून ठाणेकर सोमवारी जिना आडव्या पावलांनी उतरतात. सोमवारी आम्ही फक्त हलका, लांब हात फिरवतो. खोल काम बुधवार-गुरुवारनंतर. शर्यतीच्या आदल्या दिवशी तर जोरकस मालिश कुणालाच देत नाही. दुखरे पाय घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभं राहण्यात काय अर्थ आहे?

मार्च 2020 मध्ये टाळं लागलं. स्पर्शावर चालणारा धंदा, घरून काय करणार? लोक गच्चीवर आणि पार्किंगमध्ये पळू लागले, पोटऱ्या धरू लागल्या. आम्ही व्हिडिओ कॉलवर लाटण्याने पोटरी कशी लाटायची, तळव्याखाली टेनिसचा चेंडू कसा फिरवायचा ते शिकवलं. फी ऐच्छिक ठेवली होती. त्यावर आठ महिन्यांचं भाडं निघालं, हे मी कृतज्ञतेने लिहिते आहे.

आज आम्ही सात जण आहोत, त्यात चार बायका. टेबलं पाच, चादरी नव्वद. जुलैत ठाण्यात चादर वाळत नाही आणि अर्धवट वाळलेल्या चादरीतला तेलाचा कुबट वास गरम पाणी आणि सोड्याशिवाय जात नाही. म्हणून टेबलांच्या आधी आम्ही ड्रायर घेतला.

कळव्याच्या मावशी आमच्या पहिल्या सहकारी. स्नायूंची नावं त्यांनी तक्त्यावरून मराठीत शिकून घेतली, मी त्यांच्याकडून हात शिकले. आता वय झालं, पूर्ण दिवस जमत नाही. पण नवीन मुलगी कामाला लागली की पहिले पंधरा दिवस तिला मावशींच्याच पोटरीवर हात बसवावा लागतो. मावशी पालथ्या पडून, डोळे मिटून सांगत असतात, "अंगठा काढ. कोपर टेक. इथं नाही, बोटभर वर... हां, आता थांब."