पहिल्या ओळीचे पैसे

उत्तर गोव्यातील एका सहकारी पतसंस्थेचे पिग्मी ठेवींचे सॉफ्टवेअर देखभालीसाठी आमच्या पणजीच्या कार्यालयाकडे आले, तेव्हा त्याच्यासोबत एक जुनी तक्रारही आली. काही ठेवीदारांकडे एजंटाच्या यंत्राने छापलेली पावती असे, पण पासबुकात त्या दिवसाची रक्कम जमा झालेली नसे. तक्रारी रोजच्या नव्हत्या, एकाच शाखेच्या नव्हत्या आणि रकमाही पन्नास-शंभर रुपयांच्या असत, त्यामुळे शाखेतून दर वेळी हाताने नोंद करून विषय मिटवला जाई. आधी देखभाल करणाऱ्यांनी ‘लॉगमध्ये एकही एरर नाही’ असे लेखी कळवलेले होते आणि ते खोटे नव्हते. लॉग, म्हणजे प्रोग्रामने स्वतःच्या कामाची ठेवलेली नोंदवही, खरोखरच स्वच्छ होता.

कामाची रचना साधी होती. एजंट दिवसभर बाजारात फिरून रकमा गोळा करतात, संध्याकाळी यंत्र शाखेतील संगणकाला जोडून दिवसाची फाइल उतरवतात, आणि रात्री जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला एक जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) त्या फाइलीतील एकेक ओळ वाचून खाते क्रमांक, रक्कम व पावती क्रमांक वेगळे काढून खात्यात जमा करतो. ओळ वाचण्यापासून डेटाबेसमध्ये लिहिण्यापर्यंतचे सगळे काम एका ट्राय ब्लॉकमध्ये बसवलेले होते. त्यात काही बिघडले तर जावा ‘एक्सेप्शन’ म्हणजे बिघाडाची सूचना फेकते आणि खालचा कॅच ती पकडून पुढे काय करायचे ते ठरवतो. या कॅचमध्ये मात्र एका टिपेखेरीज काहीही नव्हते. असे कधी होणार नाही, अशा अर्थाची ती टीप होती.

जावात काम केलेल्यांना असा कॅच कसा जन्माला येतो हे ठाऊक असते. १९९६ साली आलेल्या या भाषेने चेक्ड एक्सेप्शनचा नियम घातला : फाइल किंवा डेटाबेस यांच्याशी बोलणारी पद्धत (मेथड, म्हणजे कोडचा एक तुकडा) जी एक्सेप्शन जाहीर करते, ती एकतर तिथेच पकडा किंवा पुढे पाठवत असल्याचे लिहून द्या, नाहीतर कंपायलर (कोड यंत्राला समजेल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम) पुढे जाऊ देणार नाही. हेतू चांगला होता. पण संध्याकाळी काम संपवून घरी निघण्याच्या बेतात असलेल्या माणसाला कंपायलर गप्प करायचा असतो आणि रिकामा कॅच हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. नंतर आलेल्या सी-शार्प आणि कोटलिन या भाषांनी ही सक्ती घेतलीच नाही, आणि जावातही २०१४ च्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा (नाव न देता लिहिलेली छोटी फंक्शन) आल्यापासून चेक्ड एक्सेप्शन आणि स्ट्रीम (यादीवर एकामागून एक क्रिया करण्याची सोय) यांचे जमेनासे झाले. माझ्या मते सक्ती चुकीची नव्हती, ती टाळण्याची वाट मात्र फार सोपी ठेवली गेली. आमच्या कोडमध्ये सक्ती फक्त एसक्यूएलएक्सेप्शनची, म्हणजे डेटाबेसच्या बिघाडाची होती, पण लिहिणाऱ्याने सगळ्यांची आई असलेले ‘एक्सेप्शन’ पकडले, आणि तिच्या पदराआड ज्यांची सक्ती नव्हती अशी अनचेक्ड एक्सेप्शनही निमूटपणे गडप झाली.

पहिले काम म्हणून त्या कॅचमध्ये लॉगची ओळ घातली. हे जितके सोपे वाटते तितके नाही. याच प्रकल्पात इतरत्र ‘प्रिंटस्टॅकट्रेस’, म्हणजे एक्सेप्शन कोडच्या कोणत्या ओळींतून आली त्याची यादी (स्टॅक ट्रेस) छापणारी आज्ञा, वापरलेली होती, पण सर्व्हरवर सेवा म्हणून चालणाऱ्या या जॉबचे ते आउटपुट कोणत्याही फाइलीत जात नव्हते. काही ठिकाणी लॉगच्या संदेशाला एक्सेप्शन अधिकचिन्हाने जोडलेले होते. तसे केले की नाव व संदेश उमटतो आणि स्टॅक ट्रेस जातो, ती एक्सेप्शन वेगळा शेवटचा आर्ग्युमेंट म्हणून द्यावी लागते. काही ठिकाणी जुनी एक्सेप्शन टाकून देऊन तिच्या जागी नवी फेकलेली होती, आणि मूळ कारण सोबत बांधून देण्याची सोय २००२ च्या १.४ आवृत्तीपासून उपलब्ध असूनही ती वापरलेली नव्हती. हे सगळे सरळ करून जॉब पुन्हा चालू केला.

मग काही रात्रींनंतर लॉगमध्ये नंबरफॉरमॅटएक्सेप्शन उमटली. तिचा संदेश वाचून मी बराच वेळ पडद्याकडे नुसती पाहत बसले, कारण ‘या इनपुटचा अंक होत नाही’ असे सांगून पुढे अवतरणचिन्हांत जो खाते क्रमांक छापला होता तो अगदी निर्दोष होता. ना अक्षर, ना रिकामी जागा. तोच क्रमांक मी हाताने टाइप करून दिला की त्याचा अंक सुखाने होत असे.

शाखेकडून जुन्या तक्रारींची यादी मागवली आणि म्हापशाच्या बाजारात फिरणाऱ्या एजंटांना ती दाखवली. त्यांनी चष्मा वर सारून नावे वाचली आणि म्हणाले, “मॅडम, ही तर सगळी माझ्या बोहनीची गिऱ्हाइके. फुलांच्या ओळीतली, नाहीतर तिच्या तोंडाशी बसणारी.” सकाळी ज्यांच्याकडे ते सर्वांत आधी जातात ती नावे फाइलीत सर्वांत वर येतात. म्हणजे हरवत होती ती प्रत्येक वेळी पहिलीच ओळ.

फाइल तिच्यातले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडली तेव्हा खाते क्रमांकाच्या आधी तीन बाइट दिसले : ईएफ, बीबी, बीएफ. यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची एक पद्धत) मजकुराच्या आरंभी काही प्रोग्राम जी बाइट ऑर्डर मार्क नावाची खूण घालतात ती हीच. ती पडद्यावर दिसत नाही, आणि म्हणूनच एक्सेप्शनच्या संदेशातही दिसली नव्हती. जावा ही खूण फाइल वाचताना आपणहून गाळत नाही. मजकुराच्या कडांची रिकामी जागा काढणारी ‘ट्रिम’ ही आज्ञा तिला हात लावत नाही, आणि अकराव्या आवृत्तीत आलेल्या ‘स्ट्रिप’लाही ती रिकामी जागा वाटत नाही. यंत्रातून उतरलेल्या फाइलीत ती नसायची. पण बेरीज जुळत नसेल तर शाखेतील लेखनिक फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहत आणि सवयीने सेव्ह करून बंद करत. जुन्या विंडोजमधील नोटपॅड यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करताना ही खूण घालतेच. त्यामुळे ज्या संध्याकाळी बेरीज अडली, त्याच रात्री पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे गडप होत. लेखनिकांचा यात काडीचाही दोष नाही; फाइल उघडून पाहणे हे त्यांचे कामच आहे.

खूण गाळणारी ओळ लिहायला काही क्षण लागले. खरा वेळ पुढच्या प्रश्नाने खाल्ला : ओळ वाचता आली नाही तर जॉबने करायचे काय? आमचा पहिला विचार असा होता की एकही ओळ चुकली तर संपूर्ण फाइल नाकारावी, आणि त्यासाठी आम्ही आमची स्वतःची एक चेक्ड एक्सेप्शन बनवली. चाचणीच्या डेटाबेसवर मुद्दाम बिघडवलेली फाइल दिली, तर बिघडलेल्या ओळीच्या आधीच्या सगळ्या रकमा जमा झालेल्या! स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये ट्रान्झॅक्शनल (सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द) असे लिहिले की एक्सेप्शन आल्यावर सगळे मागे फिरते अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण मुळात ते फक्त रनटाइमएक्सेप्शन (म्हणजे अनचेक्ड) आणि एरर यांच्यासाठीच मागे फिरते, आणि चेक्ड एक्सेप्शन आली तर झालेले काम खुशाल पक्के करून टाकते. हे दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेले आहे आणि ‘रोलबॅकफॉर’ लिहून बदलताही येते. तरीही पैशांच्या व्यवहारात मूळ वर्तन असे ठेवणे मला आजही पटत नाही.

ते दुरुस्त केल्यावर एक्सेप्शन व्यवस्थित वरपर्यंत पोहोचू लागली आणि जॉबच बंद पडला. त्या रात्री फाइल नाकारली गेली ते ठीकच, पण दुसऱ्या दिवसापासून जॉब उठलाच नाही, आणि त्याबद्दल लॉगमध्ये अवाक्षर नाही. जावाच्या ठरावीक वेळाने काम चालवणाऱ्या एक्झिक्युटरचा नियम असा की कामातून एक्सेप्शन बाहेर पडली तर त्या कामाच्या पुढच्या सर्व फेऱ्या रद्द होतात. एक्सेप्शन फ्युचर या, कामाचा निकाल धरून ठेवणाऱ्या वस्तूत जपून ठेवली जाते आणि ती कोणी मागितलीच नाही तर कोणालाही कळत नाही. हे पाहिल्यावर जुन्या रिकाम्या कॅचबद्दलचा माझा राग बराच निवळला. तो लिहिणाऱ्याचा जॉबही कदाचित असाच एका रात्री मुकाट बंद पडला असेल आणि त्याने भीतीपोटी सगळेच पकडले असेल.

न पकडलेली एक्सेप्शन काय करू शकते याचे उदाहरण आमच्या धंद्यात सर्वांना माहीत असते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून सुटलेले एरियन-५ हे रॉकेट सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले, कारण ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही आणि दिशादर्शक संगणकाने त्यावर स्वतःला बंद करून घेतले. तेही अशा गणनेत, जिचा उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता.

शेवटी आम्ही दोन थर केले. सर्वांत बाहेर एकच कॅच ठेवला, जो लॉग लिहितो, शाखेला संदेश पाठवतो आणि जॉब जिवंत ठेवतो. आत, न वाचता आलेली ओळ वेगळ्या तक्त्यात जाते आणि सकाळी लेखनिकांना फाइलीचे नाव व ओळ क्रमांक यांसह पडद्यावर दिसते. पूर्ण फाइल नाकारण्याचा विचार त्यांनीच हाणून पाडला, कारण एका ओळीसाठी बाजारभरच्या लोकांच्या नोंदी अडवणे त्यांना मान्य नव्हते. मूळ फाइली शाखांत जपून ठेवलेल्या असल्याने, काहीही न लिहिता फक्त तुलना करणारा जॉब चालवून हुकलेल्या नोंदींची यादी काढली आणि संस्थेच्या लेखापालांनी त्या रकमा व्याजासह जमा केल्या.

रिकाम्या कॅचची उरलेली यादी अजून पुष्कळ आहे. सध्या व्याजाच्या भागात काम चालू आहे. तिथे बिगडेसिमलमध्ये (दशांश अचूक धरणाऱ्या संख्याप्रकारात) ३६५ ने भागताना भागाकार संपत नाही म्हणून अरिथमेटिकएक्सेप्शन येते आणि जुना कॅच ती गिळून डबलमध्ये (दशांश अंदाजे धरणाऱ्या प्रकारात) हिशेब करतो. पैसे किती दशांश स्थळांवर आणि कोणत्या बाजूला पूर्ण करायचे हे आम्ही ठरवू शकत नाही. संस्थेकडे तसे पत्र दिले आहे, आणि उत्तर येईपर्यंत तो कॅच लॉगची एक ओळ घालून तसाच ठेवला आहे.